पाण्याचा श्वास आणि बिनबोलावलेले पाहुणे

नकाशाची वही उघडा आणि रायगड जिल्ह्याचा किनारा शोधून काढा. अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता चौल व रेवदंडा ही गावे घेतो, कुंडलिका नदीच्या खाडीवरील पूल ओलांडून साळावला उतरतो आणि कोर्लई, बोर्ली करीत काशीदला पोहोचतो. पुढे तोच रस्ता मुरूडला जातो. काशीद हे गाव पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याकडील माणसे तेथे मोठ्या संख्येने येतात व समुद्राकडे तोंड करून बसतात. आपण मात्र या लेखापुरते समुद्राकडे पाठ करू आणि पूर्वेकडे पाहू.

पूर्वेला फणसाडचे डोंगर आहेत. जंजिरा संस्थानच्या काळात हे नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. या रानातील पाणवठ्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. पावसाळ्यात याच डोंगरांतून पऱ्ये आणि ओढे खाली उतरतात, भातखाचरांमधून वाट काढतात आणि थोड्याच अंतरावर समुद्राला मिळतात. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगर आणि समुद्र यांमधली पट्टी अरुंद, उतार तीव्र. त्यामुळे आलेले पाणी थांबत नाही. एप्रिल-मे उजाडेपर्यंत गावाच्या हाती उरतात त्या विहिरी, एखादे तळे आणि ओढ्यातील थोडे डोह. म्हणजे पाऊस उदंड असूनही कोकणातील गावाला राखायचे असते ते थोडेसेच पाणी.

या थोड्या पाण्याला दोन शत्रू आहेत. एक प्रदूषण आणि दुसरा म्हणजे बाहेरून आलेल्या, भरमसाट वाढणाऱ्या वनस्पती व प्राणी. पाठ्यपुस्तकात हे दोन विषय बहुधा दोन वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. वास्तविक ते एकमेकांचे साथीदार आहेत. पहिला घराचे दार उघडतो आणि दुसरा आत शिरतो. हे कसे घडते ते समजण्यासाठी आधी एक प्रश्न विचारू : पाणी श्वास घेते का?

विरघळलेला प्राणवायू

मासा पाण्यात श्वास घेतो हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु पाण्याच्या रेणूत जो प्राणवायू असतो तो माशाच्या उपयोगाचा नसतो. हवेतील प्राणवायूचा काही अंश पाण्यात विरघळतो. माशाचे कल्ले तोच वेचून घेतात. हा साठा किती लहान असतो ते पाहा. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रत्येक लिटरला फार तर ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण साडेसातपर्यंत उतरते. समुद्राच्या पाण्यात मिठामुळे ते आणखी कमी, म्हणजे सुमारे ६ मिलिग्रॅम असते. याउलट आपण ज्या हवेत श्वास घेतो, त्या एक लिटर हवेत प्राणवायू असतो जवळजवळ २७० मिलिग्रॅम! आपल्याला जे भरल्या कोठारातून मिळते, ते माशाला चिमटीने मिळवावे लागते. आणि कोकणातील उन्हाळ्यात, पाणी थोडे आणि कोमट असताना, ती चिमूटही लहान होते.

हा साठा भरून येण्याच्या वाटा दोन. पहिली, पृष्ठभागातून हवेतील प्राणवायू आत शिरतो. ओढा दगडांवरून खळाळत असेल तर अधिक वेगाने. दुसरी, पाण्यातील हिरव्या वनस्पती व शैवले दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात तेव्हा प्राणवायू सोडतात. रात्री मात्र त्यादेखील श्वास घेऊन प्राणवायू वापरतात. म्हणून तळ्यातील प्राणवायू पहाटे सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. गढूळ तळ्यातील मासे भल्या पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात, त्याचे कारण हेच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरविलेल्या निकषांप्रमाणे मासे व इतर जलचर नीट जगण्यासाठी लिटरला निदान ४ मिलिग्रॅम, सामुदायिक स्नानासाठी ५, तर फक्त निर्जंतुक करून पिण्यासाठी वापरायच्या पाण्यात ६ मिलिग्रॅम प्राणवायू असावा लागतो. पाण्यातील प्राणवायू मोजण्याची रासायनिक पद्धत लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधून काढली. आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ती शिकवितात.

एका माणसाचे सांडपाणी

आता या साठ्यावर घाला कसा पडतो ते पाहू. सांडपाणी ओढ्यात शिरले की त्यातील अन्नाचे कण, मैला, साबण, तेल यांवर जीवाणू तुटून पडतात. हे काम वाईट नाही. निसर्गातील सफाई तेच करतात. पण हे काम करताना जीवाणूही श्वास घेतात आणि पाण्यातील प्राणवायू संपवितात. ठरावीक काळात सांडपाण्याला असा किती प्राणवायू लागतो, त्या मापाला जैवरासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला बी.ओ.डी. असेही म्हणतात. स्नानयोग्य नदीच्या पाण्यात ही मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. कच्च्या शहरी सांडपाण्यात ती बहुधा दोनशेच्या आसपास वा त्याहून अधिक असते.

एक सोपे गणित करू. एका माणसाच्या एका दिवसाच्या सांडपाण्याची ही मागणी साधारणपणे ३० ते ५० ग्रॅम धरतात. आपण ४५ ग्रॅम, म्हणजे ४५,००० मिलिग्रॅम धरू. उन्हाळ्यातील ओढ्याच्या एका लिटरात आहे साडेसात मिलिग्रॅम. ४५,००० ला ७·५ ने भागा. उत्तर येते ६,०००. म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे सांडपाणी सहा हजार लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकते!

आता समजा, एखाद्या किनाऱ्यावरील गावात पन्नास पाहुणे उतरले आणि त्यांचे सांडपाणी शुद्ध न करता जवळच्या डोहात सोडले. पन्नास गुणिले सहा हजार, म्हणजे तीन लाख लिटर. तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल डोहात बरोबर एवढेच पाणी मावते. एका दिवसाच्या पाहुणचाराने एका डोहाचा श्वास संपू शकतो. प्रत्यक्षात हे एका दिवसात घडत नाही, कारण जीवाणूंना काम करायला काही दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात हवेतून नवा प्राणवायूही येत असतो. पण पाहुणे रोज येऊ लागले तर आवक आणि खर्च यांचा मेळ बसणार नाही, हे उघड आहे. काशीदसारख्या गावाचा खरा प्रश्न हा आहे. पर्यटक रोजगार आणतात. त्यांना नको म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. पण त्यांच्या सांडपाण्याची सोय आधी आणि खोल्या नंतर, हा क्रम मात्र गावाने धरला पाहिजे.

मासे कोठे मरतात?

सांडपाणी जेथे नदीत पडते, मासे तेथेच मरायला हवेत असे आपल्याला वाटते. पण बहुधा ते बरेच खाली मरतात. असे का? एच. डब्ल्यू. स्ट्रीटर आणि ई. बी. फेल्प्स या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी ओहायो नदीचा अभ्यास करून १९२५ साली याचे गणित मांडले. सांडपाणी मिसळते त्या ठिकाणी पाण्यात अजून प्राणवायू शिल्लक असतो. पाणी पुढे वाहत जाते तसतसे जीवाणू वाढतात व प्राणवायू उतरत जातो. एका ठिकाणी तो नीचांक गाठतो. त्यापुढे घाण कमी होत जाते, हवेतून भरपाई होत राहते आणि प्राणवायू पुन्हा चढू लागतो. आलेखावर ही रेषा मध्येच झोळीसारखी खाली येते. झोळीचा तळ जेथे असतो तेथे मासे मरतात, आणि ते ठिकाण पुष्कळदा दुसऱ्याच गावच्या हद्दीत असते. घाण एका गावाची आणि मेलेले मासे दुसऱ्या गावाच्या काठाला. म्हणून नदी राखायची तर एका गावाने राखून भागत नाही.

आपल्या रस्त्यात लागलेली कुंडलिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथून येते. भिरा येथील वीजगृह १९२७ पासून चालू आहे. घाटमाथ्यावरील मुळशी धरणाचे पाणी तेथे बोगद्या-नळांतून खाली आणतात, त्यावर वीज निर्माण करतात व ते कुंडलिकेत सोडतात. मूळचे पूर्वेकडे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारे हे पाणी असे अरबी समुद्राला येते. त्यामुळे कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात आटल्या तरी कुंडलिका वाहती राहते. पुढे डोळवहाळ येथील बंधाऱ्यावर शेतीसाठी व पिण्यासाठी पाणी घेतले जाते. त्याखाली रोहे शहर आणि धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. शेवटी रेवदंड्याजवळ ती समुद्राला मिळते.

केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदले. त्यांतील ५३ महाराष्ट्रात होते. कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. कुंडलिकेचा खाडीकडील खालचा पट्टा त्या यादीत होता. येथे आणखी एक अडचण लक्षात घ्या. नदीत पडलेली घाण पुढे वाहून जाते. खाडीत मात्र ती ओहोटीबरोबर खाली जाते आणि सहा तासांनी भरतीबरोबर पुन्हा वर येते. खाडी स्वच्छ व्हायला नदीपेक्षा वेळ लागतो तो यामुळे. ‘समुद्र मोठा आहे, सगळे पोटात घालील’ हे म्हणणे खाडीला लागू पडत नाही.

आणि याच खाडीतून, पहिल्या पावसात, मासे ओढ्यांत व भातखाचरांत अंडी घालण्यासाठी चढतात. रायगडात याला ‘वलगण’ म्हणतात. पहिल्याच पुरात नदीच्या तळाशी साठलेला गाळ ढवळला जातो आणि उन्हाळाभर काठावर साचलेली घाणही वाहून येते. म्हणजे वाटेवरील प्राणवायू कमी असण्याचा आणि माशांच्या प्रवासाचा मुहूर्त एकच! त्या चार दिवसांत वाट बंद झाली तर वर्षाची वीण बुडते.

घाण जागा करते, पाहुणे बसतात

आता दुसऱ्या शत्रूकडे वळू. प्राणवायू संपलेल्या पाण्यात सगळेच जीव मरतात असे नाही. ज्यांना पाण्यातील प्राणवायूची गरजच नाही किंवा अगदी थोडी आहे, ते जगतात. शेजारी मेले की त्यांना जागा आणि खाद्य दोन्ही मिळते. बाहेरून आलेल्या उपद्रवी जातींपैकी कितीतरी जाती नेमक्या अशाच आहेत.

जलपर्णी पाहा. फुगीर देठांवर तरंगणारी, जांभळ्या फुलांची ही सुंदर वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून ती बंगालमध्ये आली. पुढे तिने तेथील जलमार्ग व भातशेती इतकी अडविली की १९३६ मध्ये बंगालात तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. तिची पाने हवेत असतात, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असो वा नसो, तिचे काही अडत नाही. उलट सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस हे तिचे खतच.

टिलापिया, म्हणजे बाजारातील चिलापी, हा मूळचा आफ्रिकेतील मासा. १९५२ साली तो भारतात आणला गेला. याची मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे ती फारशी मरत नाहीत; आणि थोड्या प्राणवायूतही हा मासा तग धरतो. आफ्रिकन मांगूर तर कल्ल्यांशिवाय एका खास अवयवाने थेट हवेतील प्राणवायू घेतो. आपला देशी मांगूरही हे करू शकतो, पण आफ्रिकन मांगूर आकाराने पुष्कळ मोठा आणि अधिक खादाड. तळ्यातून निसटला तर स्थानिक माशांचा फडशा पाडतो. म्हणूनच २००० साली भारत सरकारने त्याच्या पैदाशीवर बंदी घातली.

डासांच्या अळ्याही पाण्याच्या पृष्ठभागाशी नळी लावून हवा घेतात. त्या परक्या नाहीत, पण त्यांना खाणारे मासे घाण पाण्यात टिकत नाहीत आणि डासांचे फावते. अळ्या खाण्यासाठी १९२८ साली गंबुसिया हा अमेरिकेतील मासा मुद्दाम भारतात आणला गेला. तो डासांच्या अळ्या खातो, पण इतर माशांची अंडी आणि बेडकांची पिलेही सोडत नाही. आपल्याकडील ओढ्यांत, डोक्यावर रुपेरी ठिपका असलेला एक लहान मासा पाण्याच्या वरच्या थरात पोहताना दिसतो. तोही अळ्या आवडीने खातो. घरचा रखवालदार असताना बाहेरून आणायची गरज नव्हती. त्याला जगण्याजोगे पाणी तेवढे हवे होते.

जलपर्णीचे गणित

जलपर्णीला पोषक पाणी मिळाले तर तिची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. एका रोपापासून सुरुवात करा आणि दर पंधरवड्याला दुप्पट करीत जा. सहा महिन्यांनी किती रोपे होतील? बारा वेळा दुप्पट केल्यावर ४,०९६! आता दुसरा प्रश्न : तळे अर्धे झाकलेले दिसले, तर पूर्ण झाकायला किती दिवस उरले? फक्त पंधरा. आपण बहुधा तळे अर्धे झाकले की जागे होतो; म्हणजे अगदी अखेरच्या पंधरवड्यात. तळे पूर्ण झाकले जाण्याच्या तीन महिने आधी त्याचा केवळ चौसष्टावा भाग झाकलेला होता. तेव्हा चार मुलांनी एका सकाळी ती काढून टाकली असती.

झाकलेल्या तळ्यात काय घडते? प्रकाश आत जात नाही, त्यामुळे पाण्यातील शैवले प्राणवायू तयार करू शकत नाहीत. वाऱ्याने पाणी हलत नाही, त्यामुळे हवेतूनही प्राणवायू येत नाही. साठा भरण्याच्या दोन्ही वाटा एकदम बंद. वर जुनी पाने कुजून तळाशी जातात आणि उरलासुरला प्राणवायू खातात. म्हणजे सांडपाण्याने जे काम सुरू केले, तेच जलपर्णी पुरे करते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, विष फवारून जलपर्णी जागच्या जागी मारणे हा चांगला उपाय नव्हे. एवढी वनस्पती पाण्यातच कुजली तर श्वास आणखी कोंडतो. ती बाहेर काढून, काठापासून दूर नेऊन, तिचे खत करावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुण्याची मुळा-मुठा, कल्याणजवळील उल्हास, कोल्हापूरचा रंकाळा येथे जलपर्णी अनेकदा काढली गेली आणि ती पुन्हा आली. तिच्या बिया गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहतात हे एक कारण. सांडपाणी चालूच राहते हे दुसरे. ताट वाढून ठेवायचे आणि पाहुण्याला ऊठ म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

तिच्यावर जगणारे भुंगेरे सोडण्याचाही उपाय आहे. ‘निओकेटिना’ या जातीचे असे भुंगेरे १९८२ मध्ये बंगळूर येथे आणण्यात आले. पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातही १९९५ पासून ते सोडण्यात आले व काही वर्षांत जलपर्णी बरीच ओसरली. पण हा उपाय सावकाश चालतो, आणि पाण्यात खत भरपूर असेल तर भुंगेऱ्यांनी खाल्लेले रोप पुन्हा भरभर वाढते. येथेही गाडी सांडपाण्यापाशी येऊन अडते.

खारे पाणी : एक पहारेकरी

काशीदच्या परिसराला एक लाभ आहे. जलपर्णीला मीठ सोसत नाही. ओढ्यातून वाहत ती खाडीत पोहोचली की मरते. म्हणून या किनाऱ्यावर तिच्यापासून राखायची ती गोड्या पाण्याची ठिकाणे : तळी, डोह, बंधारे.

पण खाऱ्या पाण्याचे पाहुणे वेगळे. माल नसलेले जहाज समतोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते आणि माल भरताना दुसऱ्या बंदरात सोडून देते. त्या पाण्यातून लहान लहान अळ्या जगभर फिरतात. काही जीव जहाजाच्या तळाला चिकटूनही येतात. मध्य अमेरिकेकडील काळ्या पट्ट्यांचा एक लहान शिंपला असाच १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणम येथे आणि पुढे मुंबई बंदरात सापडला. थोडा प्राणवायू, कमी-अधिक खारटपणा, बंदरातील घाण हे सगळे तो सोसतो आणि खांब, जाळी, होड्यांचे तळ यांवर थरावर थर चढवितो. कालवे व इतर देशी शिंपले ज्या जागी वाढतात, ती जागा तो बळकावतो.

हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील होड्यांच्या गोद्यांत सापडला. सरकारने त्या गोद्या ताबडतोब बंद केल्या, पाण्यात क्लोरीन व मोरचूद घातले आणि काही आठवड्यांत त्याचा पूर्ण नायनाट केला. मात्र गोदीतील इतर जीवही मेले आणि खर्च फार आला. तो लवकर दिसला आणि गोद्यांना दारे होती, म्हणून हे साधले. आपल्या मोकळ्या खाड्यांना दारे नाहीत. म्हणून पाहुणा आत येण्यापूर्वीच अडविणे शहाणपणाचे. जहाजांच्या या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला व ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला.

मेलेली नदी उठली

हे सगळे वाचून निराश होऊ नका. लंडनमधील टेम्स नदीचा भरतीचा पट्टा १९५७ साली जीवशास्त्रज्ञांनी जवळजवळ निर्जीव ठरविला होता. मैलांच्या मैल पाण्यात प्राणवायू नव्हता आणि मासेही नव्हते. त्यानंतर सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे सुधारण्यात आली. कोणी मासे आणून सोडले नव्हते, तरी ते हळूहळू परत येऊ लागले आणि १९७४ मध्ये तेथे सॅमन मासा सापडला. शंभराहून अधिक वर्षांनंतर! प्राणवायू परत आला आणि त्याच्या मागोमाग जीव आले.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ सालीच केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. पण कायद्याला डोळे लागतात आणि ते डोळे काठावर राहणाऱ्यांचे असतात.

गावात काय करता येईल?

कोकणातील जुन्या घरांत मोरीचे पाणी अळू, कर्दळ आणि केळीच्या आळ्यात सोडलेले असते. ही नुसती काटकसर नव्हे. मुळांभोवतीच्या मातीतील जीवाणू घाण खातात आणि लागणारा प्राणवायू जमिनीतील हवेतून घेतात. ओढ्याचा साठा वाचतो. नायट्रोजन व फॉस्फरस पिकाच्या कामी येतात. एक ग्रॅम फॉस्फरस तळ्यात गेला तर त्यावर सुमारे शंभर ग्रॅम वाळलेल्या वजनाचे शैवल पोसू शकते. तोच आळ्यात गेला तर अळूची पाने मिळतात. शौचालयाच्या टाकीला शोषखड्डा हवा आणि तो विहिरीपासून निदान पंधरा-वीस मीटर दूर हवा. जेथे खोल्या पुष्कळ आहेत तेथे मात्र आळे आणि खड्डा पुरत नाही. शुद्धीकरणाची योग्य यंत्रणाच लागते. निर्माल्य पाण्यात न टाकता त्याचे खत करणे, तळ्याच्या पाण्यात कपडे व भांडी न घासता पाणी बाहेर काढून घासणे, काचपेटीतील मासे व वनस्पती कंटाळा आला म्हणून ओढ्यात न सोडणे, या गोष्टी तुमच्या हातातील आहेत.

करून पाहा

(शिक्षकांच्या सोबतीने आणि पावसाळ्याचा जोर ओसरल्यावरच पाण्याजवळ जा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. एका तळ्यात वापरलेली जाळी व बादल्या धुऊन, उन्हात वाळवून मगच दुसऱ्या तळ्यात न्या. नाहीतर पाहुणे तुमच्याच बादलीतून प्रवास करतील.)

१. निळ्या रंगाची परीक्षा. घट्ट बुचाच्या दोन सारख्या पारदर्शक काचेच्या बाटल्या घ्या. एकीत गावाच्या वरच्या बाजूचे ओढ्याचे पाणी आणि दुसरीत गावाच्या खालच्या बाजूचे पाणी काठोकाठ भरा. प्रयोगशाळेतील मेथिलीन ब्लूच्या पातळ द्रावाचे सारखेच थेंब दोहोंत टाका, बुडबुडा न ठेवता बुचे लावा आणि बाटल्या अंधारात ठेवा. रोज एकाच वेळी रंग पाहा. पाण्यातील प्राणवायू संपला की निळा रंग नाहीसा होतो. कोणती बाटली आधी रंगहीन झाली? किती दिवसांनी?

२. पारदर्शकता. २० सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या चकतीचे चार भाग करून ते आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा. मध्यभागी दोरी व खाली वजन बांधा. चकती पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली मोजा. आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ही पद्धत वापरली. दर महिन्याला एकाच जागी, दुपारच्या वेळी मापन करून आलेख काढा.

३. दगडाखालचे साक्षीदार. वाहत्या ओढ्यातील दगड उचलून खालची बाजू पाहा. शेपटाला दोन-तीन बारीक तंतू असलेली चपटी किटकांची पिले दिसली तर तेथे प्राणवायू बहुधा भरपूर आहे. गाळात लालभडक अळ्या वळवळत असतील तर तो कमी असण्याचा संभव आहे. त्या अळ्यांच्या रक्तात आपल्यासारखेच हीमोग्लोबिन असते. थोडा प्राणवायूही त्या पकडून ठेवू शकतात. दगड पुन्हा जसाच्या तसा ठेवा.

४. तळ्याची वही. शाळेजवळच्या एका तळ्याचा नकाशा काढा. दर पंधरवड्याला तरंगत्या वनस्पतींनी किती भाग झाकला आहे ते रंगवा. पंधरवडाच का, हे आता तुम्ही सांगू शकाल.

विचार करा

(अ) लेखातील गणितात आपण पाण्यातील सगळा प्राणवायू खर्च केला. माशांसाठी लिटरला ४ मिलिग्रॅम राखून ठेवायचे असतील, तर एका माणसाच्या सांडपाण्याला किती पाणी लागेल? (उत्तर : सुमारे १२,८५७ लिटर)

(आ) दोन तळ्यांपैकी एकात जलपर्णी आहे, पण सांडपाणी येत नाही. दुसऱ्यात सांडपाणी येते, पण जलपर्णी अजून नाही. गावाकडे एकाच कामापुरते पैसे असतील तर कोणते काम आधी हाती घ्यावे? वर्गात चर्चा करा आणि दोन्ही बाजूंची कारणे लिहून काढा.